थर्मामीटर किती, यापेक्षा कुठे?



गळीत हंगामाची चाहूल लागली की कारखान्यावर दरपत्रकांचा ढीग पडतो. यंदाच्या ढिगात एक नवा कागद आहे. साखर गोदाम, बगॅसचे आवार आणि मळीच्या टाक्या मिळून चाळीस ठिकाणी उष्णता मोजणारी यंत्रे, म्हणजे सेन्सर, बसवावेत असे त्यात सुचवले आहे. आकडे तासातासाला मोबाईलवर येतील, रात्री-अपरात्री घंटा वाजेल, वगैरे वगैरे. विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येईल तेव्हा चर्चा होईलच. त्याआधी आमचे मत या पानावर मांडून ठेवतो.

मत थोडक्यात असे : यंत्रे जरूर घ्यावीत, पण आधी जागा ठरवाव्यात, मग संख्या ठरवावी आणि दरपत्रक शेवटी उघडावे. आज उलटे चालले आहे. चाळीस हा आकडा कुठून आला असे विचारले तर उत्तर मिळते, "चाळीसचा संच स्वस्त पडतो." अहो, चाळीस ही विकणाऱ्याची सोय झाली, आपली गरज नव्हे.

आता कुणी म्हणेल, ऊस विकास अधिकाऱ्याने आपला फड सांभाळावा, गोदामाच्या थर्मामीटरशी त्याचे काय काम? दोन कारणे आहेत. एक म्हणजे गोदामात खराब होणारी साखर ही तुमच्याच उसाची साखर असते. बारा-चौदा महिने पाणी देऊन, खत घालून, तोडणीवाल्याची वाट बघून जे पिकवले ते शेवटच्या मुक्कामी दगड झाले तर नुकसान कारखान्याच्या वहीत दिसते खरे, पण येते तुमच्या वाट्याला. दुसरे म्हणजे थोडे बघून पुष्कळ कसे ओळखायचे हाच आम्हा शेतकी खात्याच्या माणसांचा रोजचा धंदा आहे. हजारो एकरांतला प्रत्येक ऊस कुणी तपासत नाही. कोणता तपासायचा, एवढेच आपल्या हातात असते.

भिवंडीत काय दिसले

भिवंडी म्हटले की आपल्यासमोर यंत्रमाग उभे राहतात. पण मानकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा या बाजूला गेले की मागांपेक्षा गोदामेच जास्त दिसतात. गाव मुंबई-नाशिक महामार्गावर, न्हावाशेवा बंदरही आवाक्यातले. मुंबईला जकात होती त्या काळात महापालिकेच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवणे व्यापाऱ्याला परवडत असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट वाढली. धान्य, कापड, औषधे, किराणा, सगळ्यांचा तिथे मुक्काम असतो. साखरेचाही असतो.

साखर विक्री विभागाबरोबर आम्हालाही एकदा तिकडे जाण्याचा योग आला. एका व्यापाऱ्याची तक्रार होती की थप्पीतली काही पोती फोडली तर साखर ढेकळासारखी निघते. आम्ही गोदामात शिरलो. पत्र्याचे छप्पर, खाली फरशी, एका बाजूला शटर. शटरजवळच्या खांबांवर तीन थर्मामीटर, तिन्ही हाताच्या उंचीवर. शेजारी टेबल आणि टेबलावर वही. वही अगदी नेटकी होती, दिवसातून दोन वेळा नोंद. पण तिन्ही रकाने चाळले तर आकडे जवळजवळ सारखे. एक चढला की तिन्ही चढत, एक उतरला की तिन्ही उतरत. आणि बिघडलेली पोती कुठली? पश्चिमेच्या भिंतीलगतची, थप्पीच्या वरच्या थरांतली, छपराच्या अगदी खालची. तिथे थर्मामीटर नव्हता. "इथंच का लावलं?" असे विचारल्यावर वहीवाला म्हणाला, "इथं वाचाय-लिवायला बरं पडतं साहेब."

तीन यंत्रे होती, पण माहिती एकाचीच होती. हा प्रकार त्या एका गोदामापुरता नाही. यंत्र कुठे लावायचे हा निर्णय बहुतेक ठिकाणी खिळा कुठे ठोकता येतो आणि वायर कुठवर पुरते यावर होतो.

साखर का बिघडते हेही समजून घेऊ. साखर गरम असतानाच पोत्यात भरली, किंवा गोदामाची एक बाजू तापली आणि दुसरी थंड राहिली, की दाण्यांवरचा नाममात्र ओलावा गरम भागातून थंड भागाकडे सरकतो. तिथे दाण्यावर पाकाचा पातळ थर चढतो. पुढे तो सुकतो आणि दाण्याला दाणा चिकटतो. म्हणजे गोदामात किती अंश उष्णता आहे एवढेच पाहून भागत नाही. एका कोपऱ्यात किती आणि दुसऱ्यात किती, हा फरक कळायला हवा. शटरजवळच्या तीन यंत्रांना हा फरक कधीच कळणार नाही.

औषधांच्या गोदामांत यासाठी निराळी शिस्त असते. जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या साठवणुकीबद्दल २०११ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१५ साली त्यांना तांत्रिक पुरवण्या जोडल्या. त्यातली एक पुरवणी नुसती गोदामाचा उष्णता-नकाशा कसा करावा यावर आहे. पद्धत सरळ आहे. सुरुवातीला पुष्कळ यंत्रे चौकटी आखल्याप्रमाणे लावायची, जमिनीजवळ, मधे आणि छपराखाली अशा निरनिराळ्या उंचीवर. निदान सात दिवस सलग नोंदी घ्यायच्या, त्यात कामाचे दिवस यावेत आणि सुट्टीचेही यावेत. हे काम कडक उन्हाळ्यात एकदा आणि थंडीत एकदा करायचे. त्यावरून गोदामाचा स्वभाव कळतो. मग कायमची मोजकी यंत्रे कुठे लावायची ते ठरते. आधी ओळख, मग नेमणूक.

माहिती मोजता येते

पण चाळीस जागांचे आकडे हाती आल्यावर त्यातल्या दहा निवडायच्या कशा? इथे एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. क्लॉड शॅनन. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत काम करत असताना १९४८ साली त्यांनी एक निबंध छापला आणि माहिती मोजण्याचे माप दिले. मणाने धान्य मोजावे तशी बिटने माहिती मोजता येते, हे त्यांनी दाखवले. त्या मापाला त्यांनी नाव दिले एन्ट्रॉपी. शब्द जुना, उष्णतेच्या शास्त्रातला. जर्मन शास्त्रज्ञ क्लॉसियस यांनी १८६५ साली तो घडवला होता. शॅनन यांच्या हिशोबात त्याचा अर्थ साधा आहे : आपण किती अंधारात आहोत त्याचे माप.

गावाकडचे उदाहरण घेऊ. बैल सुटला आहे आणि तो आठ वावरांपैकी कुठल्या तरी एकात आहे. कुठल्याही वावरात असण्याचा संभव सारखाच. गुराखी पोराला ठाऊक आहे, पण तो फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणणार. शहाणा माणूस पहिल्या चार वावरांचे नाव घेऊन विचारेल, मग उरलेल्यांतल्या दोनांचे, मग एकाचे. तीन प्रश्नांत बैल सापडला. म्हणजे आपले अज्ञान तीन बिटांचे होते. सोळा वावरे असती तर चार प्रश्न, चार बिट. आणि बैल खोडील असेल, सुटला की दरवेळी पाटलांच्या कडवळातच सापडत असेल, तर? तर विचारायची गरजच नाही. अज्ञान शून्य, म्हणून पोराच्या उत्तराची किंमतही शून्य.

हेच थर्मामीटरला लावा. जो थर्मामीटर बारा महिने आपण आधीच सांगू शकू तोच आकडा दाखवतो, त्याच्याकडून काही कळत नाही. आपल्याला ज्याचा अंदाज येत नाही, अशा जागेवरचा थर्मामीटर कामाचा. त्याने आकडा दाखवला की आपले अज्ञान उतरते.

पण एवढ्यावर थांबलो तर चूक होईल. समजा गोदामात तीन जागा आहेत. पहिली छपराखालची. तिथे उष्णता चार पायऱ्यांपैकी कुठल्याही पायरीवर असू शकते, संभव सारखा. म्हणजे दोन बिट. दुसरी जागाही छपराखालचीच, शेजारच्या गाळ्यात. तिथेही दोन बिट. तिसरी जमिनीलगत, थंड भिंतीशी. तिथे दोनच पायऱ्या, म्हणजे एक बिट. यंत्रे दोनच आहेत, कुठे लावाल?

वरवर पाहता उत्तर वाटते, दोन-दोन बिटांच्या जागा घ्या. पण पहिली आणि दुसरी जागा एकाच पत्र्याखाली, एकाच उन्हाने तापणारी. पहिलीचा आकडा कळला की दुसरीचा न बघता सांगता येतो. तेव्हा दोन्ही मिळून माहिती दोनच बिट. त्याऐवजी पहिली आणि तिसरी घेतली, आणि त्या दोघींचे एकमेकींशी काही देणे-घेणे नसेल, तर दोन अधिक एक, तीन बिट. एकटी पाहिली तर कमी बोलणारी जागा इथे जास्त कामाची ठरली, कारण ती नवीन बोलते. पंचायतीत दोन भाऊ नेहमी एकाच बाजूने बोलत असतील तर दुसऱ्याला विचारून काय निष्पन्न होणार? वाडीवरच्या अबोल माणसाला विचारा, काहीतरी निराळे कळेल.

निवडीची रीत यातूनच निघते. आधी सर्वांत जास्त माहिती देणारी एक जागा घ्या. ती कळल्यावर जी सर्वांत जास्त भर घालते ती दुसरी. त्या दोन कळल्यावर जी भर घालते ती तिसरी. पुढचे यंत्र जवळजवळ काहीच भर घालत नाही अशी वेळ आली की थांबा. यंत्रे किती घ्यायची याचे उत्तर तिथे मिळते, दरपत्रकात नाही.

कुणी म्हणेल, एकेक कशाला, सगळ्या जोडण्या तपासून सर्वांत उत्तम तीच घेऊ. हिशोब करून बघा. चाळीस जागांतून दहा निवडण्याचे मार्ग ८४ कोटी ७६ लाख ६० हजार ५२८ होतात. एकेक निवडत गेले तर तपासण्या फक्त ३५५. संगणक असला तरी जागा वाढल्या की पहिला मार्ग हाताबाहेर जातो. आणि दुसऱ्या मार्गात फार नुकसानही नाही. गेस्ट्रिन, क्राउझे आणि सिंग या संशोधकांनी २००५ साली आणि पुढे २००८ साली सविस्तर दाखवले की माहितीचे माप नीट निवडले तर काही अटींत एकेक निवडण्याची ही रीत उत्तमाच्या सुमारे ६३ टक्क्यांच्या खाली जात नाही. त्यांनी बर्कलीतल्या एका प्रयोगशाळेत बसवलेल्या ५४ सेन्सरांचे उष्णतेचे आकडे यासाठी वापरले होते.

माहितीचे माप नीट निवडले तर, असे आम्ही म्हटले, त्याला कारण आहे. नुसत्या अनिश्चिततेच्या मागे लागले तर यंत्रे दारांशी, खिडक्यांशी, कडेच्या भिंतींवर जाऊन बसतात. कारण मधल्या जागेचा अंदाज चारी बाजूंच्या आकड्यांवरून बांधता येतो, कडेचा तसा येत नाही. म्हणून कड जास्त अनिश्चित ठरते. पण दारातला थर्मामीटर अर्धा वेळ बाहेरच्या रस्त्याची उष्णता सांगतो. आपली साखर रस्त्यावर नाही, आत आहे. म्हणून या संशोधकांनी प्रश्न जरा वळवून विचारला : ही जागा स्वतः किती अनिश्चित आहे ते राहू द्या, जिथे आपण यंत्र लावणार नाही अशा बाकीच्या जागांबद्दल ती किती सांगते? असे विचारले की यंत्रे कडेवरून आत सरकतात. आम्हाला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. जिथे आपण जाऊ शकत नाही तिथली बातमी कोण आणेल, असे विचारून माणूस नेमावा, तसे हे.

धोक्याचा हिशोब निराळा

इथवर वाचून काही सभासद म्हणतील, मग झाले, संगणकाला आकडे द्या आणि तो सांगेल तिथे खिळे ठोका. तसेही आम्ही म्हणत नाही. कारण माहितीचे हे माप नवलाई मोजते, नुकसान मोजत नाही.

मळीची टाकी घ्या. मळी घट्ट, हलत नाही, उष्णता लवकर सोडत नाही. गरम मळी टाकीत भरली आणि तशीच राहिली तर ती आतल्या आत स्वतःची उष्णता तयार करू लागते. बाहेरून पत्रा हाताला बरा लागतो आणि आत मधोमध तापत राहते. फेस येतो, वायू सुटतो, प्रकार फार पुढे गेला तर टाकी उतू जाते, फुटूही शकते. म्हणून मळी ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नये असा दंडक आहे. आता समजा हजार दिवसांत एखादा दिवस असा येतो. तर 'आज टाकी बिघडली का' या प्रश्नातली अनिश्चितता, शॅनन यांच्या सूत्राने काढली तर, एका बिटाच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाएवढी भरते. नुसत्या माहितीच्या हिशोबाने इथे यंत्र लावायला नको! पण तो एक दिवस चुकला तर?

तेव्हा धोक्याच्या जागा आधी बाजूला काढाव्यात आणि तिथे यंत्रे न मोजता, न तोलता बसवावीत. मळीच्या टाकीत नुसते पत्र्यावर नव्हे तर आत, मधल्या भागात. बगॅसच्या ढिगातही तसेच. गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये जवळजवळ निम्मे पाणी असते. मोठा ढीग रचला की जिवाणूंमुळे तो आतून तापू लागतो, ६० अंशांच्याही पुढे जातो, आणि पुढे पेटूही शकतो. वरून हात लावून त्याचे काही कळत नाही. लांब दांड्याचा थर्मामीटर खोल खुपसूनच बघावे लागते. या जागा राखीव. त्यानंतर उरतील ती यंत्रे माहितीच्या हिशोबाने वाटावीत. दोन्ही हिशोबांची सरमिसळ करू नये.

दुसरी सावधगिरी. हा सगळा हिशोब आधीच्या आकड्यांवर उभा राहतो. ते आकडेच सोयीच्या जागांवरून घेतले असतील तर संगणक सोयीच्याच जागा निवडून देईल, वर शास्त्राचा शिक्का मारून. म्हणून पहिली पाहणी आंधळी हवी. म्हणजे चौकटी आखून किंवा चिठ्ठ्या टाकून, आपल्या मनाला विचारून नव्हे. हा धडा आपल्याच मातीतल्या माणसाने देशाला दिला आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांसाठी शेते डोळ्यांनी न निवडता यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, निवडण्याचा आग्रह धरला. डोळ्यांनी निवडणारा माणूस लबाड असतो असे नाही. पण डोळा भरल्या पिकाकडे जातो, पाय डांबरी रस्त्याकडे जातात.

हाच न्याय फडालाही

आता आमच्या खात्याचे बोलतो, म्हणजे दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान असे होणार नाही. तोडणीपूर्वी आम्ही हँड रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स घेतो आणि त्यावरून कोणता ऊस आधी पक्व होतो याचा अंदाज बांधतो. तोडणीचा कार्यक्रम त्याच्याशी जोडलेला असतो. म्हणजे नमुना कुठे घेतला यावर कुणाचा ऊस आधी गव्हाणीत पडणार हे काही अंशी ठरते. एकाच जातीचा, एकाच पंधरवड्यात लावलेला, एकाच पाटाच्या पाण्यावरचा ऊस असेल तर त्या वस्तीवर दहा नमुने घेणे म्हणजे त्या शटरजवळच्या तीन थर्मामीटरांसारखेच. त्यातले सात नमुने चोपण जमिनीवरच्या खोडव्याकडे, माळावरच्या आडसालीकडे, वाट नसलेल्या ओढ्यापलीकडच्या फडाकडे वळवले तर तेवढ्याच मेहनतीत पुष्कळ जास्त कळेल. "आमच्याकडं कुणी नमुना घ्यायला येतच न्हाई," अशी पलीकडच्या वस्त्यांची जी तक्रार असते, तिच्यात भावनेइतकेच गणितही आहे.

ज्या सभासदांची कांद्याची चाळ आहे त्यांनाही हा विचार घरच्या घरी करता येईल. एकच थर्मामीटर असेल तर तो दाराच्या चौकटीला टांगू नये. तिथली हवा तुम्ही रोज अंगावर घेताच, तिचा अंदाज तुम्हाला असतो. तो ढिगाच्या मधोमध, वारा कमी फिरतो तिथे सोडावा. दुसरा मिळाला तर पहिल्याच्या शेजारी लावू नये. चार दिवस दोन्हींचे आकडे एका कागदावर लिहावेत. दोन्ही हातात हात घालून चालत असतील तर दुसरा हलवावा.

आमच्या सूचना

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चाळीस यंत्रे एकदम घ्यायला हरकत काय, हल्ली ती स्वस्तही झाली आहेत, असा एक विचार आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. पण यंत्राची किंमत म्हणजे नुसती खरेदीची किंमत नव्हे. प्रत्येकाची बॅटरी बदलायची, प्रत्येक यंत्र वर्षातून एकदा बर्फाच्या पाण्यात घालून शून्य अंश दाखवते का ते बघायचे, प्रत्येकाचा आकडा कुणीतरी वाचायचा. चाळीस रकाने कुणी रोज वाचत नाही. महिनाभर वाचतील, मग घंटा वाजली तरी "वाजतेच ती" म्हणून बंद करतील. नीट लावलेली दहा यंत्रे माणूस ओळखू लागतो, त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देतो. शिवाय चाळीस यंत्रेही सोयीच्याच जागी लागली तर पश्चिमेची भिंत तेव्हाही मोकळीच राहील.

म्हणून सभासदांच्या विचारासाठी या सूचना :

पहिली, खरेदीआधी काही दिवसांसाठी भाड्याने किंवा उसनी यंत्रे आणून आपल्या गोदामाचा उष्णता-नकाशा करावा. निदान सात दिवस, एकदा मे महिन्यात आणि एकदा थंडीत. आपल्याकडे दमटपणाही साखरेला बाधतो, म्हणून पावसाळ्यात आणखी एकदा.

दुसरी, मळीच्या टाक्या आणि बगॅसचा ढीग यांच्या धोक्याच्या जागा तांत्रिक विभागाने स्वतंत्रपणे ठरवाव्यात. त्यात काटकसर नको.

तिसरी, बाकीच्या जागा वर सांगितलेल्या रीतीने एकेक करून निवडाव्यात आणि भर थांबेल तिथे संख्या थांबवावी. हा हिशोब करायला फार मोठा तज्ज्ञ लागत नाही. आपल्याच सभासदांची मुले अभियांत्रिकी आणि कृषी महाविद्यालयांत शिकत आहेत, त्यांच्याकडून तो करून घेता येईल.

चौथी, निवडलेल्या जागांची यादी कारणांसह याच पत्रिकेत छापावी. कोणती जागा घेतली एवढेच नव्हे, कोणती सोडली आणि का, तेही.

पाचवी, थप्प्यांची मांडणी बदलली, छपराचा पत्रा बदलला, नवे दार पाडले, की पुन्हा पाहणी करावी. गोदामाचा स्वभाव एकदा कळला म्हणून कायमचा कळला असे होत नाही.

आणि सहावी आमच्याच खात्यासाठी. ब्रिक्सच्या नमुन्यांची यादीही याच न्यायाने करावी आणि गट कार्यालयाच्या फळ्यावर लावावी. तिथे आपला फड का आला नाही असे विचारायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे, आणि त्याचे उत्तर आम्ही देऊ.

सर्वसाधारण सभेत हा विषय निघेल तेव्हा "किती रुपयांना?" हा प्रश्न नेहमीप्रमाणे पुढच्या रांगेतून येईलच. तो योग्यच आहे. पण त्याआधी कुणीतरी उठून "कुठे लावणार?" असे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये, एवढी सर्व सभासदांना नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग